समजाकाका

आमच्या मजल्यावरचे काका सकाळी उठले की आधी भिंत बघायचे. गिरगावातली आमची बिल्डिंग जुनी, लांब गॅलरीची. रस्त्याखालून मेट्रोच्या भुयाराचं काम सुरू झालं तेव्हा जिन्याजवळच्या भिंतीला एक तडा दिसायला लागला. तो आधीपासूनच होता असं माझे बाबा म्हणत. काकांनी त्यावर काचेच्या बारीक पट्ट्या आडव्या चिकटवल्या. भिंत हलली तर काच आधी तडकेल आणि आपल्याला कळेल, असा त्यांचा हिशोब. भुयार पुरं झालं, गाड्या धावायला लागल्या, काच काही तडकली नाही. काका तरी रोज चष्मा लावून भिंतीला नाक टेकेपर्यंत वाकायचे आणि म्हणायचे, "अजून तरी ठीक आहे."

सगळी नोकरी त्यांनी एका विमा कंपनीच्या क्लेम खात्यात काढली होती. गोदामाला आग लागली, जहाजातला माल भिजला, ट्रक उलटला की काका तिथे जाऊन नुकसान किती आणि ते कशामुळे झालं याचा अहवाल लिहायचे. त्यामुळे जगातली कुठली वस्तू कशी मोडते, जळते, बुडते हे त्यांना ठाऊक होतं. रिटायर झाल्यावर ही सगळी माहिती घेऊन ते घरी बसले आणि आमच्या मजल्यावर तिचा वर्षाव सुरू झाला.

त्यांचं बोलणं 'समजा'नं सुरू व्हायचं. "समजा, सिलेंडर गळतोय आणि तुम्ही सगळे झोपलेले." "समजा, लिफ्ट मध्येच अडकली आणि फोनची बॅटरी संपली." आमच्या बिल्डिंगला लिफ्टच नव्हती, पण रिडेव्हलपमेंट झाल्यावर येणार होती ना. गावाला जाणाऱ्यानं पोचल्याचा फोन करायचा हा त्यांचा नियम होता. एकदा समोरच्या जोशीकाकू चिपळूणला पोचून फोन करायला विसरल्या, तर काकांनी एसटी डेपोत फोन करून गाडीची चौकशी केली. पोरं त्यांना समजाकाका म्हणायची, आणि हे त्यांना माहीत होतं. "म्हणू दे. समजून घेतलं तर त्यांचाच फायदा आहे," असं ते म्हणायचे.

काकू त्यांच्या अगदी उलट. त्या शांतपणे भाजी निवडत बसायच्या. माझी आई एकदा वैतागून म्हणाली, "वहिनी, भाऊजींना जरा आवरा हो." काकू म्हणाल्या, "कशाला आवरू? लोक सकाळी चालायला जातात, हे काळजी करतात. तब्येत चांगली राहते त्यांची."

मी तेव्हा परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करत होते. साथीचे आजार कसे पसरतात याचा अभ्यास करायला अमेरिकेत जायचं मनात होतं. आमच्या घरातलं शिकायला म्हणून देशाबाहेर कुणी गेलं नव्हतं. बाबांनी आयुष्यभर फोर्टातल्या एका ऑफिसात कारकुनी केली होती, आई शाळेत शिकवायची. मी अर्ज करणार हे कुणाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. आईनं ते फक्त काकूंना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत बघून झाल्यावर काका आमच्या दारात उभे राहिले.

"नाव सगळीकडे एकच आहे का?" त्यांनी विचारलं.

"कुणाचं नाव, काका?"

"तुझं. पासपोर्टवर, मार्कशीटवर, दहावीच्या सर्टिफिकेटवर. समजा, एका ठिकाणी एक अक्षर जास्त आहे. त्यांना वाटेल दोन मुली आहेत."

मी मनातल्या मनात हसले आणि कागद काढले. शेवटच्या वर्षाच्या मार्कशीटवर माझ्या नावात खरंच एक अक्षर जास्त होतं. ते दुरुस्त करायला युनिव्हर्सिटीत किती खेटे घातले ते आठवलं तरी पाय दुखतात. काकांची हीच मोठी पंचाईत होती. त्यांच्या दहा काळज्यांपैकी नऊ फुकट जायच्या आणि एक खरी निघायची. ती कुठली हे आधी कळायचं नाही. म्हणून दहाही ऐकून घ्याव्या लागायच्या.

त्या दिवसापासून माझा अर्ज काकांचाही झाला. युनिव्हर्सिटीला पाठवायचा माझा निबंध त्यांनी दोनदा वाचला, आणि चष्मा काढून म्हणाले, "यात तू फार शूर दिसतेस."

"मग चांगलं ना?"

"त्यांना वाटेल हिला आपली काय गरज. थोडी कमी शूर हो."

मी दोन वाक्यं काढली. निबंध खरंच बरा झाला.

शिफारसपत्रांचा किस्सा आमच्या घरात अजून सांगतात. माझ्या कॉलेजच्या एका सरांनी पत्र द्यायचं कबूल केलं होतं. ते त्यांनी ऑनलाइन भरायचं होतं, आणि मुदत जवळ आली तरी ते भरत नव्हते. मी मेसेज करत होते, ते अंगठा पाठवत होते. मला रात्री झोप लागेना. काकांनी विचारलं, "वय काय सरांचं?"

"साठीच्या जवळपास असतील."

काकांनी पायात चपला सरकवल्या. "चल, जाऊन येऊ."

मी नको नको म्हणत असताना ते माझ्याबरोबर कॉलेजात आले. सरांच्या केबिनबाहेर बाकावर बसून राहिले. सर लेक्चर संपवून जिना चढून आले तेव्हा त्यांना जरा धाप लागली होती. काका उठून उभे राहिले आणि अत्यंत आस्थेनं म्हणाले, "नमस्कार सर. तब्येत कशी आहे? बीपी वगैरे तपासून घेता ना?"

सर माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं, आमचे शेजारी आहेत. काका म्हणाले, "नाही, जिना चढताना आवाज आला म्हणून विचारलं. दुर्लक्ष करू नका. आणि हिचं ते पत्र, ते आजच झालं तर तुमच्याही डोक्यावरचं ओझं जाईल."

पत्र त्याच संध्याकाळी गेलं. सर दुसऱ्या दिवशी रजा घेऊन ईसीजी काढून आले असं मला नंतर एका मैत्रिणीकडून कळलं.

अर्ज पाठवून झाले आणि वाट बघायचे महिने सुरू झाले. काकांनी उजव्या मनगटावर आणखी एक घड्याळ बांधलं आणि त्यात अमेरिकेची वेळ लावली. दुपारी मी सारखा फोन बघायला लागले की ते उजवा हात वर करून सांगायचे, "ठेव तो फोन. झोपलेत ते." त्याचा मला आधार वाटायचा हे आज कबूल करायला हरकत नाही. संध्याकाळ झाली की मात्र आम्ही दोघंही अस्वस्थ व्हायचो. तिकडे ऑफिसं उघडायची वेळ झालेली असायची. काका गॅलरीत येरझाऱ्या घालायचे, आमच्या दारासमोर आले की नुसतं बघायचे, मी मान हलवायची.

आधी सगळीकडून नकारच आले. 'आम्हाला खेद वाटतो' हे वाक्य दिसलं की पुढचं मी वाचतच नव्हते. मग एका संध्याकाळी मेथी निवडताना फोन वाजला. मी हात न पुसताच ईमेल उघडला, आणि त्यात खेद नव्हता. मी दारात गेले. काका समोरच होते. त्यांनी माझं तोंड बघितलं, पहिल्यांदा आनंदानं डोळे मोठे केले आणि लगेच त्यांच्या चेहऱ्यावर सावली आली.

"म्हणजे आता व्हिसा," ते म्हणाले.

व्हिसाच्या धसक्यानं त्या वर्षी सगळेच हैराण होते. मुलाखतीची तारीख मिळत नव्हती. नियम बदलत होते. सोशल मीडियावरची खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवा असा हुकूम निघाला तेव्हा काकांनी माझ्या शेजारी बसून माझे सगळे जुने फोटो बघितले. एका फोटोपाशी ते थांबले.

"हा कुत्रा कुणाचा?"

"माहीत नाही, काका. अलिबागचा आहे. समुद्रावरचा."

"अनोळखी आहे म्हणजे," ते म्हणाले. तो फोटो मी काढून टाकला. का, ते विचारू नका. त्या दिवसांत माझीही मनःस्थिती तशीच झाली होती.

बोटांचे ठसे द्यायच्या आधी तर त्यांनी मला स्वयंपाकघर बंद केलं. समजा, खोबरं किसताना बोट सोललं, समजा, विळी लागली, तर ठसा उमटणार नाही. काकू त्यांच्या घरातून वाटण करून पाठवायला लागल्या. ठसे एका फटक्यात उमटले. मशीनवरच्या मुलीनं माझ्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही.

मुलाखतीची तालीम काका रोज घ्यायचे. व्हिसाची मुलाखत खिडकीवर उभं राहून देतात असं त्यांना कळलं होतं. म्हणून ते त्यांच्या खोलीत खिडकीच्या गजांमागे खुर्ची टाकून बसायचे आणि मी बाहेर गॅलरीत उभी राहायची. येणारेजाणारे बघत जायचे.

"समजा, तिथे तू आजारी पडलीस?"

"माझा विमा असेल. शिवाय मावसबहीण न्यू जर्सीत आहे, तिच्याकडे राहू शकते."

"समजा, कोर्स लांबला?"

"मुदत वाढवून घेता येते."

"समजा, तुझं डिपार्टमेंटच बंद पडलं?"

"दुसऱ्या युनिव्हर्सिटीत बदली घेता येते."

प्रत्येक संकटाला माझ्याकडे उत्तर हवं, ही त्यांची जिद्द होती. मी झोपेतही उत्तरं पुटपुटते असं आई म्हणायची. तिला ते आवडत नव्हतं. "एवढं सगळं वाईट होणार असेल तर जातेसच कशाला?" असं ती एकदा म्हणाली आणि आत निघून गेली. ती घाबरली आहे हे माझ्या लक्षात आलं, पण मला थांबायला वेळ नव्हता.

मुलाखतीच्या दिवशी बाबा आणि काका दोघंही माझ्याबरोबर वांद्र्याला आले. रस्त्याच्या पलीकडे शेकडो आईबाप उभे होते, मुलांचे फोन आणि बॅगा सांभाळत. आत सोडताना काका म्हणाले, "व्हिसा मिळाला की पासपोर्ट ते ठेवून घेतात. बाहेर येताना तुझ्या हातात पासपोर्ट नसला पाहिजे. मी हात बघेन."

आतली रांग हळूहळू सरकत होती. माझ्या पुढच्या मुलाचं हसत हसत झालं. खिडकीतली बाई तरुण होती, माझ्याहून फार मोठी नसेल. तिनं दोनतीन साधे प्रश्न विचारले आणि मग विचारलं, शिकून झाल्यावर काय करणार. मी म्हणाले, परत येऊन माझ्याच हॉस्पिटलमध्ये साथींच्या कामात रुजू व्हायचं आहे. एवढंच बोलून थांबायचं होतं. पण ती टाइप करत होती आणि ती शांतता मला सहन होईना. मी पुढे बोलत गेले. कोर्स लांबला तर मुदत वाढवता येते. डिपार्टमेंट बंद पडलं तर बदली घेता येते. काही झालं तर न्यू जर्सीत बहीण आहे, तिच्याकडे राहता येतं. तिनं टाइप करणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीखालून पासपोर्ट परत आला, आणि त्याच्याबरोबर एक छापील कागद.

बाहेर आले तेव्हा उन्हात सगळं पांढरं दिसत होतं. काकांनी रस्त्यापलीकडून माझा हात बघितला. बाबा तिथेच कठड्यावर बसले. मला वाटलं आता काकांना काहीतरी होणार. एवढं सगळं आयुष्य ज्याच्या भीतीत काढलं ते समोर आलं होतं.

काका रस्ता ओलांडून आले. त्यांचा चेहरा इतका शांत मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी माझ्या हातातला पासपोर्ट घेऊन खिशात ठेवला आणि म्हणाले, "सकाळपासून काही खाल्लं नाहीस. आधी खाऊ."

जवळच्या एका हॉटेलात त्यांनी आम्हाला बसवलं, इडली मागवली, बाबांना पाणी प्यायला लावलं, आईला फोन करून दोन वाक्यांत सांगितलं. मी रडत होते. माझं रडू थांबेपर्यंत ते इडलीचे तुकडे करून माझ्या बशीत ठेवत राहिले.

"काका, तुम्हाला भीती नाही वाटत आता?" मी विचारलं.

"आता कशाची? झालं की. नुकसान झालं की माझं काम सुरू व्हायचं. घडायच्या आधीचं मला झेपत नाही, घडलेलं झेपतं." मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "आता मला सगळं सांग. तिनं काय विचारलं, तू काय म्हणालीस. शब्दाला शब्द."

मी सांगितलं. ते मध्ये मध्ये मान डोलवत होते. मुदतवाढीपर्यंत आले तेव्हा त्यांची मान थांबली. बदली. न्यू जर्सीची बहीण.

"एवढं सगळं तिनं विचारलं होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही. मीच बोलले."

"म्हणजे तिला दिसलं की या मुलीची तिथेच राहायची सगळी तयारी आहे." ते बशीतल्या चमच्याकडे बघत होते. "कारण सापडलं."

बाबा घाईनं म्हणाले, "अहो, तसं काही नाही." मीही म्हणाले, "काका, बोलायचं तर मीच बोलले ना." पण त्यांनी वर पाहिलं नाही.

त्यानंतर काका आमच्या दारात आले नाहीत. सकाळी भिंत बघायचे आणि आत जायचे. 'समजा' हा शब्द मजल्यावर ऐकू येईना. पोरांनी जिन्यात फटाके लावले तरी ते बाहेर आले नाहीत. आई आठवडाभर हे बघत होती. मग एक दिवस म्हणाली, "मला अजिबात बरं वाटत नाहीये. भाऊजी काळजी करत नसले की सगळी आपल्यालाच करावी लागते."

मी पुन्हा अर्ज भरला, पण तारीख मिळायला फार वाट बघावी लागली. वर्ग सुरू व्हायचा दिवस जवळ येत होता. दिवसातून कितीतरी वेळा मी ती वेबसाइट उघडत होते आणि कॅलेंडरचे सगळे चौकोन बंदच दिसत होते. कधीकधी वाटायचं, नाही मिळाली तर बरं, हे एकदाचं संपेल. मिळाली ती अगदी कडेची तारीख. तेव्हाही नकार आला असता तर ते वर्ष गेलंच होतं.

मी काकांकडे गेले. ते खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होते.

"काका, तालीम घ्या ना."

"नको. दुसऱ्या कुणाकडून घे."

"दुसरं कुणी नकोय."

काकू आतून म्हणाल्या, "घ्या की हो. पोरगी उभी आहे."

काकांनी वर्तमानपत्राची घडी केली. मी बाहेर गॅलरीत जाऊन गजांसमोर उभी राहिले.

"शिकून झाल्यावर काय करणार?" त्यांनी विचारलं.

"परत येणार. माझ्याच हॉस्पिटलमध्ये साथींच्या कामात रुजू होणार."

मी थांबले. काकांचं तोंड उघडलं. तो शब्द त्यांच्या ओठांवर आलेला मला स्पष्ट दिसला. गजाला धरलेली त्यांची बोटं आवळली. मग तोंड मिटलं.

"बरं," ते म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

एवढीच तालीम झाली. दुसऱ्या मुलाखतीला ते आले नाहीत. फाटकापर्यंत सोडायला आले, टॅक्सीचं दार लावलं, आणि माझ्याकडे न बघता परत फिरले. या वेळी खिडकीत वयस्कर गृहस्थ होता. त्यानंही तेच विचारलं. मी दोन वाक्यं बोलले आणि दातांवर दात दाबून गप्प राहिले. तो टाइप करत होता. मग त्यानं माझा पासपोर्ट बाजूच्या ट्रेमध्ये टाकला आणि पुढच्याला बोलावलं.

बाहेर येऊन मी घरी फोन केला. आई फोन घेऊन गॅलरीत पळत गेली, ते मला ऐकू येत होतं. थोड्या वेळानं काकांचा आवाज आला.

"पासपोर्ट ते परत पाठवतील ना? कधी? समजा, पत्ता चुकला. समजा, आणणारा आला तेव्हा तुम्ही सगळे बाहेर गेलेले."

मागून आई हसत होती आणि रडत होती.

मी गेले. पहिल्या हिवाळ्यात रविवारी घरी व्हिडिओ कॉल करायचे तेव्हा काका बहुतेक तिथे असायचे. एका रविवारी नव्हते. गावाला गेलेत, आई म्हणाली. पुढच्या रविवारीही नव्हते. त्याच्या पुढच्या रविवारी तिच्यानं राहवेना आणि तिनं सांगितलं. काकांची बायपास झाली होती. सकाळी छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यांनीच बाबांचं दार वाजवून सांगितलं होतं, "टॅक्सी बोलवा. घाई करू नका, पण बोलवा." बॅग भरून हातात होती. ऑपरेशनला नेताना त्यांनी आईला बजावलं होतं की मला कळवायचं नाही, माझी परीक्षा जवळ आहे.

मी लगेच लायब्ररीबाहेर येऊन काकूंना फोन लावला. काकांचा आवाज आला, बारीक, पण त्यांचाच.

"मला सांगायचं नाही असं तुम्ही कसं ठरवलंत?" मी म्हणाले. मला राग आवरत नव्हता.

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस तिथून?"

"काय करणार? काळजी केली असती."

"ती मी करतच होतो की," काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्या हातातून फोन घेतला. डॉक्टरांनी जास्त बोलायला मनाई केली आहे, त्या म्हणाल्या, आणि मागून काकांचा आवाज पुन्हा आला. ते काकूंशी बोलत होते.

"गाड्यांचा आवाज येतोय मागे. रस्त्यात आहे ती. चालताना बोलू नको म्हणावं तिला. आधी बाजूला उभी राहा म्हणावं."

बोलता बोलता मी रस्ता ओलांडायला निघाले होते. पुढे टाकलेला पाय मी मागे घेतला आणि फुटपाथवर भिंतीला टेकून उभी राहिले.

"उभी राहिलेय, काकू," मी म्हणाले. "सांगा त्यांना."